ललिताची कणगी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका. खोका म्हटलं की लोक लगेच विचारतात, आत काय आहे? खुद्द खोक्याची चौकशी कुणी करत नाही. माझा निम्मा जन्म हाच प्रश्न ऐकण्यात गेला, म्हणून आज मी ठरवलंय, की आधी माझ्याबद्दल सांगायचं आणि आत काय होतं ते मागाहून.

सध्या माझा मुक्काम नाशिकच्या सातपूर भागातल्या एका शाळेत आहे. तिसरीचा वर्ग, मागच्या खिडकीखालचा कोपरा. मी चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच आहे. समोरच्या फळ्या अर्ध्या कापून मला दार केलंय. आत घोंगडीचा एक तुकडा अंथरलाय, नागलीने, म्हणजे नाचणीने, भरलेली एक पिशवी आहे आणि एक वाळूचं घड्याळ आहे. भिंतीवरच्या कागदावर माझं नाव ‘शांत कोपरा’ असं सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे. पण ते नाव वाचतो कोण? पोरं मला कणगी म्हणतात.

माझा जन्म मात्र इथला नाही. मी मूळचा एका थंड देशातला, पाइनच्या झाडाचा. तिकडे माझ्या फळ्या आधी भट्टीत तापवल्या, म्हणजे लाकडात कीड राहू नये. तापवल्याची खूण म्हणून अंगावर एक शिक्का मारला. त्या शिक्क्यात गव्हाची ओंबी आहे. बाजूच्या फळीवर आणखी चित्रं छापली. दोन बाण, म्हणजे ही बाजू वर ठेवा. छत्री, म्हणजे पाण्यापासून जपा. आणि एक काचेचा प्याला, म्हणजे आतला माल नाजूक आहे. एवढं नटवून माझ्या पोटात बसवलं काय, तर नऊ क्विंटल वजनाचं लोखंडी लेथ मशीन. त्याला नाजूक म्हणतात हे ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं.

जहाजातून अठ्ठावीस दिवस आणि मग ट्रकमधून कसारा घाट चढून मी सातपूरला आलो. या प्रवासात मी माझी विद्या शिकलो. वाटेत माल हलतो, हलणारच. त्याला अगदी सैल सोडला तर तो आपटून स्वतःचंच वाटोळं करतो. आणि चहूबाजूंनी ठोकून आवळला तर पहिल्याच खड्ड्यात तडकतो. त्याला चारी बाजूंनी टेकायला काहीतरी लागतं, आणि थोडी हालचाल करायला जागाही लागते. बस्स, एवढंच. खोक्याच्या जातीला याहून जास्त अक्कल लागत नाही, पण ही असली तरी पुरते.

कंपनीत मला उघडलं तेव्हा तिथल्या साहेबांनी मशीनवरून हात फिरवला. कुठे एक ओरखडा नव्हता. “पॅकिंग एक नंबर,” ते म्हणाले. मशीनला उचलून आत नेलं आणि मला शेडच्या मागे भंगाराशेजारी टाकलं. माझं कौतुक तेवढंच झालं. शेजारी माझ्यासारखी आणखी खोकी होती. कुणी चहाच्या टपरीचं फळकूट झालं, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं झालं, बाकीची बंबात गेली. पावसाळा सुरू झाला आणि माझ्या अंगावरची छत्री ओली होऊन गळू लागली. माझी पाळी कधी येते याची वाट पाहत मी दोन महिने तसाच पडून होतो.

माल बांधायच्या खात्यात मंगळू नावाचा कामगार होता. पेठच्या पुढच्या डोंगरातला. अंगाने काडी, पण हातोडीचा घाव कधी वाकडा पडायचा नाही. तो रोज सुट्टीत माझ्याभोवती फिरून वितीने मला मोजायचा. एके दिवशी त्याने इकडेतिकडे पाहिलं, गुडघे पोटाशी घेतले आणि सरळ माझ्या आत येऊन बसला. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. तो थोडा वेळ डोळे मिटून बसला, बाहेर आला, पँटची धूळ झटकली आणि मला मागून घ्यायला साहेबांकडे गेला.

त्याचं डोकं ठिकाणावर होतं, मित्रांनो. त्याच्या डोक्यात त्याची मुलगी होती.

तिचं नाव ललिता. तिसरीत होती. ही पोर गावी आजीजवळ होती तेव्हा दिवसभर शेळ्यांमागे धावायची, झाडावर चढायची, ओहोळात डुंबायची. तिचे पाय थांबत नाहीत हे तिथे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आईबापांना सातपूरला कायमचं काम मिळालं आणि ती शहराच्या शाळेत आली. एका वर्गात सेहेचाळीस मुलं, एका बाकावर तिघं, डोक्यावर करकरणारा पंखा, पलीकडच्या वर्गात पाढे, आणि मधूनच कंपनीचा भोंगा. इतर मुलांना हे आवाज एकामागून एक ऐकू येत असतील. तिच्या कानात ते सगळे एकदमच शिरायचे. मग ती उठायची, बाकाखाली जायची, कुणाची बाटली पाडायची. चौघं ओरडली की उकळायची, आणि उकळली की हातात येईल ते फेकायची. जुलैमध्ये तिने कंपासपेटी फेकली ती रुद्र नावाच्या मुलाच्या भुवईवर बसली. त्याला दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी रुद्रची आई शाळेत आली आणि तिने मुख्याध्यापकांना चांगलंच सुनावलं. तिचंही काही चुकलं नव्हतं.

मुख्याध्यापक निकम सर म्हणजे रांग वाकडी दिसली की ज्यांना जेवण जात नाही असे गृहस्थ. मनाने वाईट नव्हेत. त्यांनी मंगळूला बोलावून सांगितलं, की दिवाळीपर्यंत बघू, आणि नाहीच जमलं तर मुलीला गावी आजीकडे ठेवा, तिथल्या शाळेत घाला. ललिता दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवसापासून ती रोज घरी जाताना बापाला विचारायची, दिवाळीला किती दिवस राहिले? बाकीची पोरं हाच प्रश्न फटाके आणि नव्या कपड्यांसाठी विचारतात. हिला विचारायचं असायचं, की आईजवळ अजून किती दिवस झोपता येईल.

तिच्या वर्गाच्या बाई म्हणजे आशा मॅडम. बागलाणातल्या नामपूरच्या. एरवी छान पुस्तकी बोलतात, पण फार थकल्या की खुर्चीत बसून हळूच “काय करू वं माय” म्हणतात. त्या एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. ज्या मुलांना एका जागी बसवत नाही, चटकन राग येतो, त्यांच्यासाठी वर्गातच एक छोटी जागा करावी, मूल आपणहून तिथे जाईल, निवेल आणि परत येईल, असं तिथे शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांनी पडद्यावर दाखवलेल्या कोपऱ्यात गाद्या होत्या, उशा होत्या, मोठा गालिचा होता. आशा मॅडमच्या वर्गात एक मोडकं कपाट होतं. मग त्यांनी प्रशिक्षणाची वही बाजूला ठेवली आणि मंगळूलाच विचारलं, घरी ही चिडली की काय करते?

“हितं काय करंल, मॅडम? खोली केवढीशी,” मंगळू म्हणाला. “गावाला होती तवा माझ्या आईच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसायची. आपली आपण जायची, आपली आपण निघायची. निघाली की लय गुणाची.”

शहरातल्या मित्रांनो, तुम्ही कणगी पाहिली नसेल. बांबूच्या पट्ट्या विणून, शेणामातीने सारवून धान्य ठेवायला एक भलं मोठं गोल भांडं करतात, ती कणगी. धान्य संपलं की ती आतून गार, अंधारी आणि रिकामी असते. आशा मॅडम म्हणाल्या, मग वर्गात कणगीच आणू या. सातपूरला कणगी मिळणार कुठून? तेव्हा मंगळूला भंगाराशेजारचा मी आठवलो.

श्रावणातल्या एका रविवारी मित्राच्या टेम्पोतून त्याने मला शाळेत आणलं. दिवसभर तो एकटा माझ्याशी झटत होता. पक्कड घेऊन त्याने माझ्या अंगातले एकशे बारा खिळे उपटले आणि त्यांच्या जागी, टोक आत राहील असे स्क्रू बसवले. कुठे कुसळ टोचू नये म्हणून प्रत्येक फळीवरून आधी पॉलिश पेपर आणि मग स्वतःचा तळवा फिरवला. ललिता त्याच्याभोवती हुंदडत होती. तो माझे शिक्के घासून काढायला लागला तेव्हा तिने ओंबीवर हात ठेवला.

“नको बाबा. दाण्याचं चित्र हाय,” ती म्हणाली. “ही कणगीच हाय.”

मंगळूने पॉलिश पेपर खिशात घातला. कीड मारल्याची म्हणून दूरदेशी कुणी उमटवलेली ती खूण, आणि तिने मला त्याच खुणेवरून ओळखलं. मला फार बरं वाटलं.

भागीबाईने, म्हणजे ललिताच्या आजीने, गावाहून एक पिशवी पाठवली. जुन्या लुगड्याचे दोन पदर शिवून त्यात तीन किलो नागली भरली होती. पोटावर वजन असलं की पोर थाऱ्यावर येतं, असा तिचा निरोप होता. आशा मॅडमनी प्रशिक्षणात अशीच एक जड उशी पाहिली होती. आजीने ती न पाहताच शिवली याचं त्यांना भारी नवल वाटलं.

सोमवारी मॅडमनी वर्गाला माझी ओळख करून दिली. इथे कुणालाही शिक्षा म्हणून पाठवायचं नाही, असं त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं आणि दोनदा सांगितलं. ज्याला वाटेल त्याने आपणहून जायचं. वाळू खाली पडेपर्यंत बसायचं, तेवढ्याने भागलं नाही तर घड्याळ पुन्हा उलटं करायचं. आत बसलेल्याशी कुणी बोलायचं नाही आणि बाहेर आल्यावर काय झालं होतं म्हणून विचारायचं नाही.

मग काय, पहिल्या आठवड्यात अख्ख्या वर्गाला राग येऊ लागला. रुद्रला तर एका दिवसात नऊ वेळा आला. तो आत येऊन तीनदा घड्याळ उलटं करायचा आणि चक्क घोरायचा. मॅडमनी त्याला घोरू दिलं. पंधरा दिवसांत नवलाई संपली. आत करायला काहीच नाही, असं रुद्र सगळ्यांना सांगू लागला. ऐकून मला थोडं लागलं, पण ज्याला खरंच काही नको होतं त्याला माझ्यात काय सापडणार?

ललिता मात्र ते पंधरा दिवस लांबच राहिली. गर्दी हटल्यावर आली. गणिताचा तास होता, बाहेर भोंगा झाला, आणि ती बाकावरून उठून तडक माझ्यात शिरली. पाठ मागच्या फळीला टेकवली, पायांचे दोन्ही तळवे समोरच्या फळीला लावले आणि जोरात दाबले. नागलीची पिशवी पोटाशी घेतली. तिची टाच माझ्या फळीवर टकटक टकटक वाजत होती. घाटात माझ्या पोटातलं मशीन असंच थरथरायचं. मी काय केलं? काही नाही. टेकू दिला. वाळू निम्मी पडली तेव्हा टकटक मंदावली. सगळी पडली तेव्हा थांबली. ती बाहेर आली, जागेवर बसली आणि राहिलेली तीन गणितं केली. त्यातली दोन बरोबर आली.

त्यानंतर ती कधी दिवसातून चारदा यायची, कधी एकदाच. कधी नुसती येऊन नागली दाबून जायची. निकम सरांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, शाळा आहे की गोदाम म्हणून. पण गणपती गेले आणि ते खिडकीशी हजेरीपट बगलेत धरून उभे राहू लागले. सरळ काही बोलायचे नाहीत. एकदा मात्र सगुणाबाईंना म्हणाले, की त्या खोक्याखाली फडकं मारत जा, मुंग्या होतील. सगुणाबाई शाळेच्या मदतनीस. झाडलोट त्यांच्याकडे आणि सगळ्या शाळेची काळजीही त्यांच्याकडेच. नवरात्र बसेपर्यंत ललिताने एकदाही काही फेकलं नव्हतं.

आणि इथे, मित्रांनो, आमची चूक झाली. आमची म्हणजे माझीसुद्धा.

सातपूरला खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, प्रत्येक कंपनीत मशीन धुऊन पुसून त्याची पूजा करतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी हार घालायचा, ही तिथली रीत. त्याच दिवशी शाळेत पाट्यापुस्तकांची पूजा होती. मंगळू कंपनीतली पूजा आटोपून थेट शाळेत आला. हातात झेंडूचा हार, नारळ आणि कुंकवाची पुडी. त्याने माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मला हार घातला आणि डोळे पुसत नमस्कार केला. त्याला बघून निकम सरांनाही भरून आलं. त्यांनी पूजेतला सरस्वतीचा फोटो उचलला आणि आणून माझ्या आत, घोंगडीवर पाट मांडून त्यावर ठेवला. मुलांनी आरती म्हटली.

खरं सांगू? मला आभाळ ठेंगणं झालं. ज्या मशीनला मी सात समुद्र ओलांडून आणलं त्याला दर दसऱ्याला हार पडतो. बांधून आणणाऱ्या खोक्याला आजवर कुणी पाकळी वाहिली नव्हती. मी फुगलो.

दसऱ्यानंतर शाळा उघडली, पण फोटो तिथेच राहिला. कारण तो हलवायचा कुणी? एकदा जिथे देव बसला तिथून त्याला उठवायचं धाडस आपल्याकडे कुणी करत नाही. सगुणाबाई रोज सकाळी उदबत्ती लावू लागल्या. माझ्यासमोर चपला काढल्या जाऊ लागल्या. नागलीची पिशवी नैवेद्यासारखी पाटाशेजारी विराजमान झाली. आशा मॅडमना हे बरोबर नाही हे कळत होतं. रोज दुपारी त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहायच्या, फोटोला हात लावायला जायच्या आणि हात जोडून परत फिरायच्या. फोटो खुद्द सरांनी ठेवलेला, त्यात देवीचा. त्यांनी ललितासाठी टेबलाखाली एक चटई टाकली, पण तिथे पाठ टेकायला काही नव्हतं आणि चारी बाजूंनी पाय दिसायचे. ती एकदा बसली आणि उठली.

मी सगळं बघत होतो. माझ्या चारी भिंतींत नुसता उदबत्तीचा धूर होता आणि मी त्यात खूश होतो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

सहामाही परीक्षेचा दुसरा दिवस. दिवाळीला आठवडा उरला होता आणि रस्त्यावर पोरं सकाळपासून लवंगी फटाके उडवत होती. वर्गात पेपर चालू होता. पहिली लड वाजली तेव्हा ललिता उठली, माझ्यापर्यंत आली, दाराशी थांबली. आत देवी. तिने हात जोडले आणि परत गेली. दुसऱ्या लडीला पुन्हा आली, पुन्हा हात जोडून गेली. तिसऱ्या वेळी ती हात जोडून दाराशीच पाय आपटत उभी राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की ये, पोरी, आत ये. पण खोक्याला कुठली वाचा?

ती वळली आणि तिने बाक उलथा केला. कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या, पेपर, सगळं जमिनीवर. रुद्र भुवईवर हात ठेवून भिंतीला चिकटला. कुणाला काही कळायच्या आत ती दारातून बाहेर पळाली.

शाळेच्या फाटकाबाहेर रस्ता आहे आणि ती पाळी सुटायची वेळ होती. कंपन्यांच्या बसगाड्या, मोटारसायकली, नुसता लोंढा. आशा मॅडम फाटकाकडे धावल्या, सगुणाबाई मागच्या बाजूला गेल्या. सगळ्या शाळेत तिच्या नावाच्या हाका ऐकू येत होत्या. मी कोपऱ्यात रिकामा बसून होतो. रिकामा म्हणजे, आत फोटो होता. त्या अर्ध्या तासाइतका लांब वेळ मी जहाजातही काढला नव्हता.

ती सापडली निकम सरांना. शौचालयामागे पाण्याची एक जुनी प्लास्टिकची टाकी आडवी पडली होती. तिच्यात अगदी तळाशी, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सरांनी रागावून तिला ओढली नाही. टाकीच्या तोंडाशी ते उकिडवे बसले आणि वाट पाहिली. मग तिला हाताला धरून वर्गात आणलं. मुलांना मैदानावर पाठवलं होतं. वर्गात मॅडम, सर, ललिता आणि मी.

सरांचा आवाज थकलेला होता. त्यांनी विचारलं, की तुझ्या बापाने एवढ्या मेहनतीने हा कोपरा केला, तो सोडून तू त्या घाणेरड्या टाकीत का गेलीस?

ललिता माझ्याकडे बघत म्हणाली, “सर, तिथं देवी बसलीय ना. माझे पाय लय हलत्यात. लाथ लागली असती.”

सरांनी त्या पोरीच्या पायांकडे पाहिलं. टाकीतल्या शेवाळाने पाय हिरवे झाले होते. आशा मॅडम खाली मान घालून म्हणाल्या, “सर, मी रोज ठरवत होते, उद्या फोटो हलवीन. माझा हातच होईना.”

निकम सरांनी चपला काढल्या. माझ्यासमोर गुडघे टेकले, देवीला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी फोटो उचलला. “देवीला बसायला सगळी शाळा मोकळी आहे,” ते म्हणाले. “हिला एवढीच जागा आहे.”

त्यांनी पाट काढला, वाळलेला हार काढला, घोंगडी झटकून पुन्हा अंथरली. ललिता आत शिरली. पाठ मागच्या फळीला, तळवे पुढच्या. तिने घड्याळ चार वेळा उलटं केलं. तिच्या टाचेची टकटक मी मोजत होतो, आणि एवढं सुख मला झेंडूच्या हाराने दिलं नव्हतं.

तेवढ्यात मंगळू आला. शाळेतून फोन गेला म्हणून कंपनीतून तसाच धावत आला होता. उलथलेला बाक आणि सांडलेलं पाणी पाहून त्याने दारातूनच हात जोडले. त्याने मनाशी सगळं ठरवूनच पाऊल टाकलं होतं. म्हणाला, की दिवाळीला गावी माझ्या आईकडं नेऊन सोडतो हिला, तुमाला आणखी तरास नको.

माझ्या आतली टकटक एकदम थांबली. ती ऐकत होती.

“मंगळू,” निकम सर म्हणाले, “हार तुम्ही घातला. फोटो मी ठेवला. चूक आपली दोघांची, आणि गावाला पाठवायचं हिला? दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी वेळेवर घेऊन या.”

ललिताने श्वास सोडला. तो माझ्या सगळ्या फळ्यांना लागला.

त्या दिवशी तिने रुद्रचा पेपर पुसून वाळत घातला, आणि त्याने तिला तो घालू दिला. दिवाळीनंतर ती पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन फाटकाशी उभी होती, असं सगुणाबाई सांगत होत्या. ती एका रात्रीत गोगलगाय झाली असं समजू नका. वर्षभर तिचं आणि माझं चालू होतं. एकदा तिने खडूची पेटी फेकलीच. पण माझ्याकडे यायचे तिचे दिवस हळूहळू विरळ झाले, आणि जूनमध्ये ती चौथीत, पलीकडच्या वर्गात गेली.

आता माझ्याकडे दुसरी मुलं येतात. एक मुलगा येतो, तो आत बसून पुटपुटत पाढे म्हणतो. एक मुलगी फक्त सोमवारी येते. मी कुणाला विचारत नाही. ललिताची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण माल सुखरूप पोचला की खोका रिकामा व्हायचाच. तो रिकामा राहिला म्हणून रडला तर त्याला शहाणा कोण म्हणेल?

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. निकम सरांनी या वेळी आधीच सांगून ठेवलं होतं, की शांत कोपऱ्याला हार बाहेरून घाला, आत काही ठेवायचं नाही. ज्याला पूजा करायची त्याने आत जाऊन बसावं, तीच पूजा. मंगळूने माझ्या कपाळावर स्वस्तिक काढलं, माझ्यासमोर रांगोळी घातली आणि कुंकवाची ताटली ठेवली. पोरं एकेक करून आत बसून गेली. शेवटी पलीकडच्या वर्गातून ललिता धावत आली. धावत म्हणजे कशी, ताटलीत दोन्ही पाय देऊनच ती आत घुसली. पाठ मागच्या फळीला टेकवली आणि तळवे पुढच्या फळीला लावले. पण आता तिचे पाय सरळ होईनात. गुडघे वाकले. वर्षभरात पोर वाढली होती. तिने घड्याळ उलटं केलं, निम्मी वाळू पडेपर्यंत बसली, नागलीच्या पिशवीला एक थाप मारली आणि मैदानावर पळून गेली.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखाद्याचे पाय थांबत नसतील, तर त्याला ओरडण्याआधी टेकायला जागा द्या. आणि अशी जागा केलीत, तर ती सजवून बंद करू नका. ती मळू द्या, झिजू द्या. आमच्यासारख्यांना जपायचं म्हणजे वापरायचं.

संध्याकाळी सगुणाबाई ओलं फडकं घेऊन आल्या. रांगोळी पुसली, सांडलेलं कुंकू पुसलं, कपाळावरचं स्वस्तिकही पुसलं. मग वाकून आत बघितलं आणि त्यांचा हात थांबला. माझ्या पुढच्या फळीवर, आतल्या बाजूने, कुंकवाची दोन पावलं उमटली होती. सगुणाबाईंनी फडकं पिळलं, बादली उचलली, आणि ती तशीच ठेवून त्या घरी गेल्या.